ब्रेकच्या डिस्क आणि पॅड बदलायचेत, रोजच्या गाडीला कुठले घ्यावेत? (नाशिक)

पाथर्डीफाटा
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, ७५ हजार किमीच्या आसपास झालेत, पुढे डिस्क मागे ड्रम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की धागा "ती गाडी घेतलीच कशाला" यावर घसरतो. रोजचं जाणं-येणं पाथर्डी फाटा ते सातपूर एमआयडीसी, त्यात कुंभमेळ्याच्या कामांसाठी खोदून ठेवलेले रस्ते, आणि अधूनमधून सासरी कल्याणला, म्हणजे कसारा उतरणं आलंच.

तर ८० च्या पुढे स्पीड असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पण पायाखाली धडधडतं. हळू चालवताना काही नाही. सर्व्हिस सेंटरवाल्याने चाक न काढताच सांगितलं की डिस्क, पॅड, आणि "कॅलिपर पण बघावे लागतील" (कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग). ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो डिस्क लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) आणू, कशाला नवीन घेता. मेहुणा म्हणतो भोकं पाडलेल्या स्पोर्ट डिस्क मागव, त्याच पैशात जबरदस्त ब्रेक लागतील. तिघांचं तीन दिशांना. बजेट सात-आठ हजार. कोणी स्वतः हे केलं असेल तर सांगा.

पंचवटी_एक्सप्रेस
आधी चाक खोलून बघ भो. न बघता पार्ट बदलायला सांगणारा मेकॅनिक आणि न बघता मिसळ चांगली आहे सांगणारा मित्र, दोघांचं ऐकू नये 😀

ब्रेक न दाबता पण ८० ला थरथरतं का? तसं असेल तर बॅलन्सिंग करून घे, विषय संपला. फक्त ब्रेक दाबल्यावरच असेल तर मग डिस्क.

पाथर्डीफाटा
फक्त ब्रेक दाबल्यावर. बॅलन्सिंग नुकतंच झालंय.

अंबडचा_फोरमन
माझं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, कंटाळा आला तर पुढे जा.

स्टिअरिंग थरथरलं की सगळे म्हणतात डिस्क वाकली. कास्ट आयर्नची डिस्क रोजच्या वापरात सहसा वाकत नाही हो. होतं काय, की डिस्कची जाडी गोल फिरताना सगळीकडे सारखी राहत नाही. फरक किती, तर १५-२० मायक्रॉन असला तरी पायाला जाणवतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, डोळ्याने दिसायचा प्रश्नच नाही. जाड भाग पॅडमधून गेला की पॅड पिस्टनला मागे ढकलतो, ऑईल मागे ढकललं जातं आणि तुमचं पेडल धडधडतं.

हा फरक येतो दोन कारणांनी. एक, ब्रेक खूप तापवून गाडी उभी केली आणि पाय तसाच दाबून ठेवला तर पॅडचा माल डिस्कवर एका जागी छापला जातो. घाट उतरून टोलच्या रांगेत उभं राहणारे सगळे हेच करतात. दोन, डिस्क हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) सरळ बसलेलीच नसते. हबवर गंज असेल, तर मधे कणभर गंजाने डिस्कच्या कडेला किती फेक (डगमग) येते ते डायल गेज लावून बघा, झोप उडेल. मग दर फेरीला डिस्कचा तोच भाग पॅडला घासत राहतो, ब्रेक दाबलेला नसतानाही, आणि काही हजार किमीनंतर तो भाग पातळ झालेला असतो. म्हणून लोक म्हणतात ना "नवीन डिस्क टाकली, चार-सहा महिन्यात परत थरथर", तिथे डिस्कचा दोष नसतो, हब साफ न करता बसवणाऱ्याचा असतो.

आता तुम्ही काय करायचं तर चाक काढा, डिस्कच्या कडेला किंवा आतल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते ती वाचा, मग जाडी मोजा. पॅडची पण मोजा, आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंच्या.

जुईली
काका, मायक्रोमीटर नाही माझ्याकडे, साधा व्हर्नियर चालेल का? माझ्या गाडीची पण वेळ आलीये.

अंबडचा_फोरमन
चालेल पण एक गोम आहे. डिस्क झिजते पॅड जिथे घासतो तिथेच, बाहेरच्या कडेला न झिजलेला कंगोरा राहतो. व्हर्नियरचे जबडे त्या कंगोऱ्यावर बसले की जाडी जास्त दाखवतो आणि तुम्ही खुश. एक रुपयाची दोन सारखी नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना कंगोऱ्याच्या आत धरा, नाण्यांसकट माप घ्या आणि दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. चार-पाच जागी घ्या. मायक्रॉनचा फरक कळणार नाही याने, पण डिस्क ठेवायची का फेकायची एवढं नक्की कळेल.

पाथर्डीफाटा
काका मोजलं. डिस्कवर किमान २० मिमी कोरलंय. डावी २०.७, उजवी २०.६ भरली. पॅडचं मात्र गंमत आहे, उजवीकडे बाहेरचा पॅड ६ मिमी आणि आतला जेमतेम ३. डावीकडे दोन्ही ५ च्या आसपास.

पंचवटी_एक्सप्रेस
उजव्या कॅलिपरची पिन जाम आहे, पैज लावतो एका कटिंगची.

अंबडचा_फोरमन
सहमत. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, मग आतलाच पॅड सगळं काम करतो. सर्व्हिस सेंटरवाला "कॅलिपर बघावे लागतील" म्हणाला ते अगदीच चूक नव्हतं, पण त्यासाठी कॅलिपर बदलायचा नसतो. पिना काढायच्या, साफ करायच्या, रबराचे बूट फाटले असतील तर बदलायचे आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं बेअरिंगचं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन परत जाम.

द्राक्षबाग
फेसिंग करून घ्या की राव. नाशिकात लेथवाल्यांची काय कमी आहे, अंबडला गल्लोगल्ली आहेत. २०.६ म्हणजे अजून ०.६ शिल्लक आहे. उगाच नवीन डिस्कवर पैसे कशाला.

अंबडचा_फोरमन
द्राक्षबाग, हिशोब करून बघा. फेस मारताना प्रत्येक बाजूने ०.३ तरी जाणार, म्हणजे दोन्ही मिळून ०.६. हातात आली २०.० ची डिस्क, म्हणजे बसवतानाच किमान जाडीवर. पुढच्या पॅडच्या सेटबरोबर ती टाकावीच लागेल. शिवाय पातळ तवा लवकर तापतो तशी पातळ डिस्क लवकर तापते, आणि हे कसारा उतरणारे आहेत.

लेथचं म्हणाल तर लेथ आहेत, पण डिस्क चकमध्ये कशी धरली याला महत्त्व आहे. हबवर टेकणारा फेस हाच संदर्भ धरून, दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये मारल्या पाहिजेत. गडबडीत एक बाजू मारून, उलटी करून दुसरी मारली की दोन्ही फेस समांतर राहत नाहीत आणि थरथर होती त्यापेक्षा वाढते. डिस्कमध्ये जाडी भरपूर शिल्लक असेल आणि लेथवाला जाणकार असेल तर फेसिंगला माझा विरोध नाही. इथे जाडीच नाही.

द्राक्षबाग
बरं बाबा, तुमच्याशी लेथवर वाद घालणार नाही 🙏

रामशेज
मेहुण्याचं पण ऐका की थोडं. भोकंवाल्या डिस्कने पावसात फरक पडतो. इगतपुरीचा पाऊस माहितीये ना, समोरचं दिसत नाही, तिथे डिस्कवरचं पाणी भोकातून निघून जातं. आणि उष्णता पण कमी. दिसायला पण भारी, अलॉयमधून चमकतात 😎

कॉलेजरोडकर
रामशेज, दिसायला भारी हे मान्य. बाकीचं जरा बघू.

भोकं मूळची आली कशाला, तर जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर गॅस सुटायचा, तो पॅड आणि डिस्कच्या मधे अडकू नये म्हणून. आताच्या पॅडमध्ये तो त्रास फारसा राहिलेला नाही. उष्णतेचं म्हणाल तर भोकं पाडली म्हणजे लोखंड कमी केलं, आणि उष्णता साठवतं ते लोखंडच. गार होणं मुख्यतः मधल्या फटींमधून होतं, त्या साध्या व्हेंटिलेटेड डिस्कलाही असतात. सारखं तापणं-गार होणं झालं की तडे जातात ते भोकांपासूनच सुरू होतात, आणि स्वस्तातल्या डिस्कमध्ये साध्या डिस्कलाच नंतर ड्रिल मारलेलं असतं. आपल्या खोदकामाच्या धुळीत आणि चिखलात ती भोकं बुजतात हे वेगळंच.

पाण्याचं म्हणाल तर थोडाफार फायदा होत असेल, पण पाण्यातून बाहेर पडल्यावर एकदा हलका पाय ठेवला तरी डिस्क सुकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गच्च ब्रेक दाबल्यावर तुमच्या गाडीचं एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होतं का? होत असेल तर ब्रेकमध्ये चाक लॉक करण्याइतका जोर आहेच, गाडी किती अंतरात थांबणार हे टायर ठरवणार. भारी डिस्कने एका ब्रेकमधलं अंतर कमी होत नाही. चांगल्या डिस्क-पॅडचा फायदा दिसतो तो दहाव्या ब्रेकला, म्हणजे सगळं तापल्यावर. मेहुण्यांना म्हणावं त्याच पैशात टायर बघा.

रामशेज
समृद्धी झाल्यापासून कसारा उतरतोच कोण पण? जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे चालू झाला, तेव्हापासून मी तरी घाटात गेलो नाही. बोगद्यातून सरळ खाली.

कॉलेजरोडकर
सरळ कुठलं, खालीच 😀 बोगदा असो नाहीतर घाट, सह्याद्री उतरायचाच आहे, उंची तीच. फरक एवढाच की समृद्धीवर उतार सौम्य आहे, वळणं नाहीत, वारा बरंच काम करतो, त्यामुळे ब्रेकवर पाय कमी पडतो. घाटात प्रत्येक वळणाला, प्रत्येक ट्रकमागे पडतो.

आता आलोच आहे तर गणित मांडतो. इगतपुरी ते कसारा उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक. गाडी, चार माणसं आणि बॅगा धरून १४०० किलो. १४०० गुणिले ९.८ गुणिले ३०० म्हणजे ४१ लाख ज्यूल. हीच गाडी १०० च्या स्पीडवरून पूर्ण थांबवायची तर ५.४ लाख ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे गिअर न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर घाट उतरणं हे १०० वरून सात-आठ वेळा कचकन थांबण्यासारखं झालं, मधे गार व्हायला फारसा वेळ न देता. यातलं ७० टक्के पुढच्या डिस्कवर येतं धरा, दोन्ही डिस्क मिळून १० किलोच्या, आणि वारा अजिबात नाही असं समजा, तर तापमान ६०० अंशांच्या वर वाढेल. प्रत्यक्षात वारा असतो म्हणून एवढं होत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर यातलं बरंचसं इंजिन खातं आणि हा प्रश्नच येत नाही. फुकटातला सगळ्यात चांगला ब्रेक अपग्रेड.

पंचवटी_एक्सप्रेस
आणि ते इंजिन बंद करून उतरणारे महाभाग! पेट्रोल वाचवतात म्हणे. पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल मारलं की संपतो, मग पेडल दगडासारखं. आमच्या गल्लीत आहे एक नमुना.

जुईली
पॅडबद्दल कोणी बोलेना. सिरॅमिक, सेमी-मेटॅलिक, ऑरगॅनिक, दुकानदार तर म्हणाला "ओरिजिनल घ्या नाहीतर लोकल घ्या, बाकी काही नसतं". 🤦‍♀️

अंबडचा_फोरमन
दुकानदाराच्या दृष्टीने खरंय ते, त्याला दोनच खोके माहीत.

ऑरगॅनिक म्हणजे मऊ माल, आवाज कमी, डिस्क कमी खातो, पण सारखा तापला की पकड सोडतो आणि लवकर झिजतो. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा चुरा जास्त, तापल्यावर टिकतो, पण आवाज करतो, अलॉय काळे करतो आणि डिस्कही जास्त खातो. सिरॅमिक शांत, धूळ कमी, महाग. रोजच्या गाडीला कंपनीने जो दिला त्याच जातीचा घ्यावा, कारण मागच्या ड्रमशी मेळ बसवून कंपनीने तो ठरवलेला असतो.

एक गोष्ट बघायला शिका. बऱ्याच पॅडच्या पाठीवर किंवा कडेला लांबलचक नंबर छापलेला असतो, त्याच्या शेवटी इंग्रजी अक्षरांची जोडी असते, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड, दुसरं तापल्यानंतरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ असेल तर रोजच्या गाडीला उत्तम. एफई दिसलं तर समजायचं की तापल्यावर हा पडणार, घाटवाल्यांनी घेऊ नये. ही अक्षरं म्हणजे क्वालिटीचं सर्टिफिकेट नव्हे, पण काहीच छापलेलं नाही असा पॅड मी तरी घेणार नाही.

पाथर्डीफाटा
हे भारीच. मग ब्रँड कुठला? आणि नाशिकात कुठे घ्यायचा? ऑनलाइन की द्वारका?

पंचवटी_एक्सप्रेस
द्वारका-वडाळा नाका पट्ट्यात फिर, दहा दुकानं आहेत. गाडीच्या कंपनीचा जेन्युइन, टीव्हीएस गर्लिंग, बॉश, ब्रेम्बो, अलाइड निप्पॉन, यातलं जे तुझ्या गाडीला मिळेल ते. जुना पॅड खिशात घालून जा, नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगितलं तर चुकीचा देतात, एकाच मॉडेलला दोन वेगवेगळे कॅलिपर आलेले असतात.

बिल पक्कं घे. "बिल नको तर दोनशे कमी" म्हणाला की पुढच्या दुकानात जा. ओरिजिनलच्या खोक्यात डुप्लिकेट भरपूर फिरतात. छपाई पुसट, होलोग्राम नीट नाही, खोक्यावरचा आणि पॅडवरचा पार्ट नंबर वेगळा, असं काही दिसलं की सोडून दे.

अंबडचा_फोरमन
डिस्क घेताना काउंटरवरच खोका उघडा. कडेने बघा, दोन्ही बाजूंची जाडी सारखी हवी आणि मधल्या पात्या बरोबर मधोमध हव्यात. कास्टिंगमध्ये गाभा सरकला असेल तर एक बाजू जाड एक पातळ दिसते, अशी डिस्क तापल्यावर एकीकडे जास्त फुगते. टोपीच्या भागावर राखाडी कोटिंग असेल तर चांगलं, गंज कमी. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच वेळी बदला. पॅड पण चारही.

द्राक्षबाग
नवीन डिस्कवर जुने पॅड चालतील का? डावीकडचे ५ मिमी आहेत अजून.

अंबडचा_फोरमन
नाही. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चरे उमटलेले असतात, नवीन सपाट डिस्कवर तो अर्धवटच टेकणार. उलटं चालतं, म्हणजे डिस्क जाडीत बसत असेल आणि चरे खोल नसतील तर जुन्या डिस्कवर नवीन पॅड.

कॉलेजरोडकर
बसवताना गॅरेजवाल्याच्या शेजारी उभं राहा, चहा तिथेच प्या. हब वायर ब्रशने चकाचक झाला पाहिजे, हे झालं नाही तर बाकी सगळं पाण्यात. नवीन डिस्कवर गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं ते ब्रेक क्लीनरने पुसायचं, पेट्रोलच्या फडक्याने नको. पॅडच्या क्लिपा नवीन, जुन्या वाकवून बसवायच्या नाहीत. पिस्टन मागे दाबताना ऑईलच्या डबीवर लक्ष ठेवायचं, वर टाकलेलं असेल तर उतू जातं आणि रंग खातं. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने, त्या हवेच्या गनने मन मानेल तसे ठोकले की डिस्क वाकडी बसते.

हो, आणि धूळ हवेने उडवू देऊ नका, ती नाकात घेण्यासारखी नसते.

गॅरेजमधून निघायच्या आधी पेडल पंप करून घट्ट झालंय का बघा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं.

जुईली
आणि ब्रेक ऑईल? माझं गाडी घेतल्यापासून बदललेलंच नाही बहुतेक.

कॉलेजरोडकर
बदला. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ नवीन असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५. घाटात कॅलिपर तापला, ऑईल उकळलं, वाफ झाली, पेडल स्पंजासारखं. पॅड कितीही भारी असोत. साधारण दोन वर्षांनी बदलायचं, गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा. डॉट ५ मात्र चुकूनही घालू नका, ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच जातीचं. ही नावं ज्याने दिली त्याला नमस्कार.

पाथर्डीफाटा
अपडेट. काल काम झालं. साध्या व्हेंटिलेटेड डिस्क, एफएफवाले पॅड, डॉट ४, पिनांची सर्व्हिस, मजुरी धरून बजेटात बसलं. पैज पंचवटी_एक्सप्रेस जिंकले, उजवी खालची पिन हातोडीने काढावी लागली, बूट फाटून आत गंज. हबवरचा गंज घासताना गॅरेजवाला म्हणाला "साहेब एवढं कोणी करत नाही", म्हटलं करा.

थरथर गेली. पण ब्रेक जरा लाकडासारखे वाटतायत, जोर लावावा लागतो. हे नॉर्मल आहे का?

अंबडचा_फोरमन
नॉर्मल. पॅड अजून डिस्कवर बसलेले नाहीत. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना हायवेला विल्होळीच्या पुढे जा. मागे कोणी नाही बघून ६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने स्पीड कमी करा, पूर्ण थांबायचं नाही, परत ६०. असं आठ-दहा वेळा, मधे थोडं अंतर सोडून. मग काही किमी ब्रेक न वापरता चालवा, गार होऊ द्या. थोडा वास येईल, घाबरू नका. लगेच घरी येऊन हँडब्रेक ओढून उभी करू नका. आणि पहिले दोन-तीनशे किमी कचकन ब्रेक टाळा, कल्याण त्यानंतर.

रामशेज
मागच्या ड्रमचं कोणी बघितलं का? हँडब्रेक किती दात वर येतो?

पाथर्डीफाटा
आठ-नऊ दात. जास्त आहे का?

अंबडचा_फोरमन
जास्तच वाटतोय, मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीचा आकडा असेल तो बघा. पण लगेच केबल आवळू नका, सगळे तेच करतात. आधी ड्रम उघडून लायनर (ड्रमला आतून घासणारा माल) किती उरलेत बघा, धूळ साफ करा, व्हील सिलिंडरचा रबरी बूट किंचित उचलून आत ओल आहे का ते बघा. ओल असेल तर सिलिंडर गळतोय, आणि ते ऑईल लायनरवर उतरलं की लायनर पण गेले. सगळं कोरडं असेल तर शूचा अ‍ॅडजस्टर सेट करा, दात आपोआप कमी येतील. केबलला हात सगळ्यात शेवटी.

पाथर्डीफाटा
येत्या रविवारी ड्रम उघडतो. फोटो टाकतो इथेच.